आम्हाला क्युसेक नको, पायरी सांगा

कोयना धरणाची मालकी, देखभाल, पाणी सोडण्याचा निर्णय आणि सुरक्षिततेची तपासणी ज्यांच्या सहीने होते, त्या सर्वांना खुले पत्र

सन्माननीय महोदय,

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावच्या घाटाला एकवीस पायऱ्या आहेत. वरच्या पायरीला लागून महादेवाचं देऊळ आहे. गेल्या सप्टेंबरात एका रात्री साडेनऊच्या सुमारास गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला, की कोयना धरणातून नदीपात्रात सोडण्यात येणारा विसर्ग वाढवण्यात येत आहे, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. पुढे क्युसेकमधला, म्हणजे सेकंदाला किती पाणी सुटतं त्याचा, आकडा होता. माझा पुतण्या जेवणावरून उठला. ऑगस्टात पावसाने ओढ दिली म्हणून उसासाठी त्याने मोटर पुन्हा काठावर बसवली होती. आकडा वाचून त्याने अंदाज बांधला, की पाणी आठव्या-नवव्या पायरीपर्यंत येईल आणि हाताशी अजून पाऊण तास आहे. गड्याला घेऊन, बॅटरी आणि दोर घेऊन तो उतरला. मोटरचे बोल्ट सैल होईपर्यंत पाणी कमरेला लागलं. दोर ओढायला घेतला तेव्हा ते छातीला होतं. दोघांनी करंजाच्या झाडाला मिठी मारली आणि गावातल्या पोरांनी चऱ्हाट टाकून ओढून घेईपर्यंत तास-सव्वा तास ते तसेच होते. मोटर गेली, पाइप गेले. त्या रात्री पाणी चौदाव्या पायरीवर थांबलं.

चार दिवसांनी मी एका सरकारी कार्यालयात गेले. कोणतं ते इथे लिहीत नाही, कारण तिथे भेटलेल्या तरुण अभियंत्याची काही चूक नव्हती. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला. मी विचारलं, "त्या रात्रीचा आकडा आमच्या घाटावर कितव्या पायरीला येतो, हे तुमच्याकडे कुठे लिहिलेलं असतं का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे सगळं क्युसेकमध्येच असतं. गावनिहाय असं काही नसतं."

धरणाच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या बाईला हे उत्तर मिळावं, हे मला गप्प बसून सोसवत नाही. म्हणून हे पत्र. ते आपल्याला लिहिलं आहे, पण कोयनाकाठच्या प्रत्येकाने वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मी कोण, ते आधी सांगते. माझं आजोळ शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की गाळातून जोत्यांचे दगड वर येतात. आई आमच्या लहानपणी हात करून दाखवायची, तिकडं आमचा परडा, तिकडं जांभळीचं झाड. वडील धरणावर गवंडी होते. डबर आणि काँक्रीटचं ते काम, १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरहून लांब. त्यातल्या थोड्या दगडांना माझ्या बापाचा हात लागलेला आहे आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. आणि मी लग्न होऊन आले ती नदीच्या खालच्या अंगाला, पाटणच्या पुढे. एका बाजूने धरणात गाव गेलेली, दुसऱ्या बाजूने धरण बांधलेल्याची लेक, आणि आता धरणाखाली राहणारी. या तिन्ही नात्यांनी मी बोलते आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं शिकवलं, त्यामुळे कागद वाचायची आणि प्रश्न विचारायची सवयही आहे.

११ डिसेंबर १९६७. सोमवारची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. मी सात वर्षांची होते. घरावर कुणी तरी डोंगर लोटावा तसा आवाज आला आणि पाठोपाठ भिंत आली. आईने मला आणि धाकट्या भावाला ओढून उखळाच्या आडोशाला घेतलं होतं. आम्ही त्या उखळामुळे वाचलो. तोंडात माती, नाकात माती, आणि शेजारच्या घरातून एकसारखी हाक येत होती, ती हळूहळू बंद झाली. बाहेर आलो तर अंधारात माणसं डोंगराच्या दिशेने पळत होती. "धरण फुटलं, धरण फुटलं," असा एकच गिल्ला. वडिलांनी आम्हाला उघड्यावर बसवलं आणि ते उलट दिशेला, धरणाकडे गेले. आईने त्यांना शिव्या घातल्या. तासाभराने परत आले, पायात वहाण नव्हती, आणि एवढंच म्हणाले, "धरण हाय. पळायचं न्हाय." आमच्या वस्तीतली पळापळ त्या एका वाक्याने थांबली.

त्या दिवशी या खोऱ्यात पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली. धक्का ६.३ तीव्रतेचा होता. मुंबई-पुण्यापर्यंत माणसं अंथरुणातून उठली. पुढे मोठी झाल्यावर मी वाचलं, की धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या ५ टक्के एवढा धरला होता, आणि त्या पहाटे धरणाच्या गॅलरीतल्या, म्हणजे भिंतीच्या पोटातल्या बोगद्यातल्या, यंत्राने नोंदवलेला धक्का ६३ टक्क्यांपर्यंत गेला होता. ज्या उंचीवर धरणाची जाडी एकदम कमी होते, तिथे आडव्या भेगा पडल्या. तरी धरण उभं राहिलं. नंतर त्या भागाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते भक्कम केलं गेलं, आणि पुढे २००० नंतरच्या दशकात सांडव्याचा भागही मजबूत झाला. हे काम ज्या अभियंत्यांनी आणि मजुरांनी केलं, त्यांचे उपकार मी मानते.

तेव्हा कृपा करून या पत्राचा अर्थ असा लावू नका, की कोणी म्हातारी बाई धरण फुटणार म्हणून ओरडत सुटली आहे. धरण फुटेल असं मी म्हणत नाही, आणि तशी अफवा पसरवणाऱ्याला मी घराच्या पायरीवरही उभं करणार नाही. १९६७ ला त्या एका अफवेने माणसं कशी सैरावैरा पळाली ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की धरणाबद्दल जे जे ठाऊक आहे, ते धरणाखाली राहणाऱ्याला सर्वांत शेवटी कळतं, आणि कळतं तेही त्याला न समजणाऱ्या भाषेत. वडिलांनी जे काम अनवाणी जाऊन केलं, ते आपल्या यंत्रणेने रोजच्या रोज करावं, अशी माझी मागणी आहे.

आता गाऱ्हाणी सांगते.

पहिलं, पाण्याचं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. ५०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला १४ लाख लिटर. हे गणित मी सातवीच्या मुलांकडून फळ्यावर करून घेतलं आहे. पण १४ लाख लिटर म्हणजे आमच्या घाटावर किती, मूळगावच्या पुलावर किती, कराडच्या प्रीतिसंगमावर किती, हे फळ्यावर येत नाही. नदी कुठे रुंद, कुठे अरुंद. आणि मुख्य गोष्ट, धरणाचा आकडा हा फक्त धरणाचा असतो. पाटणला केरा येऊन मिळते, पुढे मोरणा, मग वांग. डोंगरात ढग फुटावा तसा पाऊस झाला, की या नद्या आपलं पाणी कुणाला विचारून आणत नाहीत. मी एका वहीत निरोपातला आकडा आणि आमच्या घाटावरची पायरी अशी नोंद ठेवते. एकाच आकड्याला एकदा पाणी सहाव्या पायरीला होतं, एकदा अकराव्याला. मधल्या पाच पायऱ्या केरेने आणलेल्या. माझ्या पुतण्याचा अंदाज चुकला तो इथेच. तो अडाणी नाही, बी.एस्सी. अॅग्री झालेला आहे. त्याला दिलेली माहितीच अर्धी होती.

वेळेचंही तसंच. धरणाचे सहा वक्र दरवाजे किती फुटांनी उचलले, हे बातमीत येतं. पायथ्याच्या वीजगृहातून किती पाणी चालू आहे, तेही येतं. ते पाणी हेळवाकहून निघून पाटणला केव्हा पोचेल, आमच्या गावाला केव्हा, तांबव्याला केव्हा, कराडला केव्हा, हे मात्र येत नाही. आगगाडी सुटल्याची घोषणा होते आणि कुठलं स्टेशन किती वाजता हे कुणी सांगत नाही, तशी ही सूचना. धरणावर भोंगा वाजतो म्हणतात. आमच्या गावात तो मी आजवर ऐकलेला नाही. व्हॉट्सअॅपवर निरोप येतो तो वीज आणि रेंज असेल तर. अतिवृष्टीच्या रात्री या खोऱ्यात सर्वांत आधी काय जातं, हे आपल्याला मी सांगायला नको.

आपण म्हणाल, पूर काय दर वर्षी येतो का? २००५ आठवा, २०१९ आठवा, २०२१ आठवा. २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीने कृष्णा खोऱ्यातल्या पुराचा अभ्यास करून २०२० मध्ये अहवाल दिला. सांगली-कोल्हापूरचं नाव मोठं, म्हणून चर्चा तिथली झाली. ते योग्यच आहे, तिथे शहरं बुडाली. पण सांगलीला पोचणाऱ्या पाण्यातलं कोयनेचं पाणी आधी आमच्या दारावरून जातं. शिवसागरात १०५ टीएमसीहून, म्हणजे १०५ अब्ज घनफुटांहून, अधिक पाणी मावतं. एक लाख क्युसेकने चोवीस तास सोडलं तर साडेआठ टीएमसीच्या वर पाणी खाली येतं. धरण केव्हा किती भरायचं, पावसासाठी किती जागा मोकळी ठेवायची, हा निर्णय अवघड आहे हे मला कळतं. वीज हवी, सिंचन हवं, पाऊस पुढे दगा देईल ही भीती असतेच. पण त्या निर्णयाचं वेळापत्रक, कोणत्या तारखेला पाणी कुठवर ठेवायचं ठरलं आहे आणि आज ते कुठे आहे, एवढं तरी दर आठवड्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहायला काय अडचण आहे? आमचे फळे रिकामेच असतात.

दुसरं, भूकंपाचं. १९६७ नंतर या भागाने पाच किंवा त्याहून मोठ्या तीव्रतेचे वीसहून अधिक धक्के सोसले आहेत. लहानांची तर गणतीच नाही. जलाशयाचं पाणी आणि हे धक्के यांचा संबंध जगभरचे भूवैज्ञानिक कोयनेच्या उदाहरणावरून शिकवतात. १९८५ मध्ये वारणेच्या धरणात पाणी साठू लागलं आणि धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे लांबला. केंद्र सरकारने कराडजवळ संशोधन केंद्र उभारलं, गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडून जमिनीच्या पोटात काय चाललं आहे ते पाहिलं. एवढं ज्ञान आमच्या पायाखालून गोळा झालं. त्यातलं आमच्या घरात काय आलं? रात्री भांडी वाजतात, पाल्याच्या ढिगावरून कोंबड्या उडतात, आम्ही दोन मिनिटं अंगणात उभं राहतो आणि आत येऊन झोपतो. सकाळी बातमी, "कोयना परिसरात भूकंपाचा सौम्य धक्का, धरण सुरक्षित." ते वाक्य इतकं जुनं झालं आहे, की धक्का बसायच्या आधीच ते लिहून ठेवलेलं असावं असं लोकांना वाटू लागलं आहे. त्या धक्क्यानंतर कोणी काय तपासलं, गॅलरीतल्या झिरप्याचं मोजमाप आदल्या दिवशी किती होतं आणि आज किती, याच्या दोन ओळी त्याच वाक्याखाली आल्या तर आम्ही निर्धास्त झोपू. धरण सुरक्षित आहे यावर माझा विश्वास आहे. पण तो बापाच्या शब्दावर बसलेला आहे, आपल्या कागदावर नाही, आणि बाप जाऊन वीस वर्षं झाली.

तिसरं, कायद्याचं. संसदेने केलेला धरण सुरक्षा कायदा ३० डिसेंबर २०२१ पासून लागू आहे. कायद्याचा मजकूर मी मिळवून दोनदा वाचला. आधीपासून उभ्या असलेल्या मोठ्या धरणांसाठीही त्यात पाच वर्षांच्या आत दोन मोठी कामं करायला सांगितली आहेत. स्वतंत्र तज्ज्ञांकडून धरणाची सर्वंकष सुरक्षा तपासणी, आणि आपत्कालीन कृती आराखडा, म्हणजे वाईटात वाईट प्रसंगी पाणी कुठवर जाईल त्याचा नकाशा आणि कोणी काय करायचं त्याची यादी. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर, आणि पूर किंवा भूकंप झाला की लगेच पाहणी, हेही त्यात आहे. ही पाच वर्षं ३० डिसेंबर २०२६ ला पूर्ण होतात. आमच्या ग्रामसभेत आजवर या विषयावर कोणी एक शब्द बोललेलं मी ऐकलेलं नाही. आराखड्यात आमच्या गावाचं नाव असेल, तर गावाला ते ठाऊक हवं. कुठल्या वाटेने वर जायचं, ती वाट पावसात चालते का, शाळेत किती माणसं मावतात, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं कोणाच्या घरात आहेत, हे नकाशावरून दिसत नाही. ते आशाताईंना ठाऊक असतं, पोलीस पाटलांना ठाऊक असतं. त्यांना न विचारता केलेला आराखडा छापील निघेल, सुबक निघेल, आणि त्या रात्री कपाटात राहील.

आपल्या राज्याला हे शिकवायला दुसरं कोणी यायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुणं वाहून निघालं. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटलं. ते लहान मातीचं धरण होतं, कोयनेशी त्याची तुलना करणं चुकीचं ठरेल. पण गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधी केली होती, ही गोष्ट धरण लहान असो की मोठं, तेवढीच जड आहे. खालच्या माणसाचं ऐकून घेणारं खातं तेव्हा नव्हतं. आजही गावकऱ्याने धरणाबद्दल काही पाहिलं तर सांगायचं कुणाला, आणि सांगितल्याची पोच कुठली, हे मला कोणी दाखवून द्यावं.

चौथं, डोंगराचं. हे थोडक्यात लिहिते, कारण लिहिताना हात थांबतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री आमच्या तालुक्यात मिरगाव, आंबेघर, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. आंबेघरच्या बाजूची एक मुलगी माझ्याकडे चौथीला होती. धरणाच्या सुरक्षिततेचा विचार भिंतीपुरता होतो, तिच्या दोन्ही अंगांचे डोंगर आणि त्यांच्या कुशीतल्या वाड्या त्यात येत नाहीत. भूकंपाने वर्षानुवर्षं हलत आलेले हे डोंगर आहेत. त्यांवर मुसळधार पाऊस पडला की काय होतं, हे एकदा बघून झालं. त्याच दिवशी घाटाखाली चिपळूण बुडालं. पोफळीला वीज करून झाल्यावर कोयनेचं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठी नदीत जातं, म्हणून त्या पुरात कोणतं पाणी किती, यावर चिपळूणकरांनी प्रश्न विचारले आणि वाद झाले. त्यांचा तर्क बरोबर की चूक, हे मी ठरवू शकत नाही. पण त्या दिवसाचे तासागणिक आकडे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर असते, तर वाद करायला जागाच राहिली नसती.

आणि पाचवं, धरणाच्या वरच्या अंगाच्या लोकांचं. कोयनेला आपण महाराष्ट्राची वरदायिनी म्हणतो. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह मिळून १९६० मेगावॅटचा हा प्रकल्प. माझ्या आजोळची माणसं सांगलीकडे, सोलापूरकडे पांगली. त्या काळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता, महाराष्ट्राने तो १९७६ मध्ये केला. त्यांच्या नातवंडांच्या हातात अजून अर्ज आहेत. जे मागे काठावर राहिले, त्यांच्याभोवती आधी १९८५ मध्ये अभयारण्य आलं, मग २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या जंगलानेच शिवसागरात येणारा गाळ अडवला आहे. पण कांदाटी खोऱ्यातल्या आजारी माणसाला आजही लाँचची वाट पाहावी लागते. ज्या पाण्याने त्यांचा रस्ता बुडवला, त्या पाण्यावरून रात्री-अपरात्री चालणारी एक रुग्ण लाँच मागणं ही काही खैरात नाही.

आता मागण्या. मी त्या जमेल तितक्या सोप्या ठेवल्या आहेत.

हेळवाकपासून कराडच्या संगमापर्यंत दोन्ही काठांच्या प्रत्येक गावात, घाटाच्या पायरीवर, पुलाच्या खांबावर किंवा देवळाच्या जोत्यावर रंगाने खुणा करा. नदीत १०,००० क्युसेक असेल तर पाणी इथे, ५०,००० ला इथे, एक लाखाला इथे. लहान पुराची निळी पूररेषा आणि मोठ्या पुराची लाल पूररेषा कागदावर आखता, तशी गावातल्या भिंतीवर आखा. खुणा करताना केरा, मोरणा, वांग यांचं पाणी धरा, आणि प्रत्येक निरोपात पाटणच्या खाली नदीत एकूण पाणी किती अपेक्षित आहे ते लिहा. आमच्या बाजूने एवढंच झालं तरी पुढच्या वर्षी माझा पुतण्या झाडावर बसणार नाही. वाशिष्ठीकाठीही हेच करा.

विसर्ग वाढवण्याचा निरोप गावाच्या नावाने आणि वेळेसह द्या. शक्य तितकी वाढ दिवसाउजेडी आणि टप्प्याटप्प्याने करा. रात्री वाढवणं टळतच नसेल, तर निरोपाच्या जोडीला भोंगा वाजला पाहिजे, आणि तो वीज गेल्यावरही चालला पाहिजे. सूर्यावर चालणारे दिवे आमच्या प्रत्येक चौकात लागले आहेत, तसा भोंगाही लागू शकतो.

आपत्कालीन आराखड्याचा मराठी सारांश आणि आपल्या गावापुरता नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा. अंतिम करण्याआधी तो ग्रामसभेत वाचून दाखवा आणि हरकती लिहून घ्या. सुरक्षेच्या कारणाने जे उघड करता येत नाही ते झाका, माझी तक्रार नाही. आम्ही पळायचं कुठे, हे मात्र गुपित असू शकत नाही.

स्वतंत्र तज्ज्ञांच्या तपासणीचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध करा. भूकंपाच्या प्रत्येक जाणवलेल्या धक्क्यानंतर चोवीस तासांत दोन ओळींचं निवेदन द्या, काय तपासलं, काय आढळलं. त्याखाली तपासणाऱ्याचं पद लिहा.

डोंगरउतारावरच्या कोणत्या वाड्या धोक्यात आहेत, त्यांची यादी पावसाळ्याआधी त्या वाड्यांना सांगा. दरडीत घरं गेलेल्यांचं कायमचं घर कुठवर आलं, हे त्यांना कार्यालयात खेटे न घालता कळू द्या.

दर वर्षी ११ डिसेंबरला कोयनाकाठच्या सगळ्या शाळांत सराव घ्या. त्या तारखेला आम्ही पणत्या लावतो, फुलं वाहतो. त्याच्या जोडीला पोरांनी एकदा पळून बघावं, वाट कोणती, किती मिनिटं लागतात.

या कशालाही नवीन धरणाइतका पैसा लागत नाही. पहिल्या मागणीला तर सर्वेक्षण करणारी दोन माणसं, नदीचे छेद, म्हणजे पात्राच्या रुंदी-खोलीची मोजमापं, आणि रंगाचे डबे लागतात. छेद आपल्याकडे आहेतच, पूररेषा आखताना ते घेतलेले असतात.

पुतण्याने नवी मोटर घेतली, कर्ज काढून. या वर्षी ती जूनमध्येच काढून घरात आणून ठेवायची असं त्याच्या बायकोने बजावलं आहे. मी माझी वही या पत्रासोबत जोडायला तयार आहे. तिच्यात नऊ पावसाळ्यांच्या नोंदी आहेत, तारीख, निरोपातला आकडा, निरोप किती वाजता आला, आणि पायरी. पाच-दहा ठिकाणी अक्षर ओलं होऊन पसरलं आहे, पण वाचता येतं. आपला माणूस खुणा करायला येणार असेल तर पावसाळ्याआधी यावा, पाणी खाली असताना. पायऱ्या धुऊन ठेवण्याचं काम आमच्या बचत गटाच्या बायकांनी अंगावर घेतलं आहे, आणि शाळेच्या मुलांनी एक ते एकवीस आकडे आधीच खडूने घालून ठेवले आहेत. त्यांच्यासमोर लिहायचे आकडे आपल्याकडून यायचे आहेत.

आपली विश्वासू,
कोयनाकाठची एक निवृत्त शिक्षिका
तालुका पाटण, जिल्हा सातारा